कॉइलमधले बाराशे वॉट

वीतभर पीव्हीसी पाईपवर बारीक एनॅमल तारेचे तीन-चारशे आटे एकाला एक खेटून गुंडाळायचे. बुडाशी जाड वायरचे तीन-चार सैल वेढे. एक पॉवर ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टन्स, एक एलईडी आणि बारा व्होल्टची बॅटरी. जोडणी जमली की या कॉइलजवळ आणलेली ट्यूबलाईट हातातल्या हातात उजळते. तिला ना वायर, ना चोक, ना होल्डर. अकोल्यात किंवा अमरावतीत हे सामान जमवणं अवघड नाही. तार मोटर भरणाऱ्याकडे मिळते, ट्रान्झिस्टर जुन्या टीव्हीच्या बोर्डावर असतो, बॅटरी बंद पडलेल्या यूपीएसमधून निघते. हा उजेड पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. निकोला टेस्लानं १८९१ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात अभियंत्यांसमोर वायरीविना नळ्या उजळून दाखवल्या, तेव्हा तिथले जाणकारही थक्क झाले होते.

इथून दोन वाटा फुटतात. एक वाट अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, समजून घेण्याची. दुसरी ‘फ्री एनर्जी’ची. कॉइल नीट जुळवली की हवेतून, पृथ्वीतून, अवकाशातून फुकट वीज येते, बॅटरीनं दिली त्याहून जास्त येते, असं या दुसऱ्या वाटेवरची माणसं मनापासून मानतात. वऱ्हाडात दोन्ही वाटांवर वर्दळ आहे, म्हणून पुढचा संवाद दोन भूमिकांमधला मांडला आहे. एक भूमिका अकोल्याच्या कारागिराची: दालमिलच्या आणि विहिरीवरच्या मोटरी भरणं हा त्याचा धंदा, आणि रात्री शटर अर्धं ओढून कॉइल गुंडाळणं हा नाद. दुसरी भूमिका अमरावतीत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिकेची. दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण यातलं एकही मत एकट्या माणसाचं नाही.

कारागिराचा दावा आकड्यांचा आहे. त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही.

“मॅडम, मी बारा व्होल्ट देतो. दोन ॲम्पिअर जाते. म्हंजे चोवीस वॉट. अन् कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावलं का सहाशे व्होल्ट दाखवते. करंट तोच, दोन ॲम्पिअर. करा गुनाकार! बाराशे वॉट. पन्नास पट झाले ना जी? मीटर खोटं बोलते का?”

“मीटर या वेळी खरं बोलतंय असं धरू,” प्राध्यापिका म्हणतात. “तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत, भाऊ. चुकला तो गुणाकार.”

“गुनाकार कसा चुकंन?”

“दालमिलच्या पॅनलशेजारी कपॅसिटर कशाला बसवतात?”

“पॉवर फॅक्टर सुधरवायले. नाई तं बिलात दंड लागते.”

“म्हणजे व्होल्टला ॲम्पिअरनं गुणलं की किलोवॅट निघत नाहीत, केव्हीए निघतात, हे तुम्हाला धंद्यातून ठाऊक आहे. मोटरीच्या बाबतीत पाळता तो हिशेब कॉइलच्या बाबतीत का सोडता?”

या प्रश्नात सगळ्या वादाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून तो पाहायला हवा. कॉइल आणि कपॅसिटर एका ओळीत जोडले आणि त्यांना त्यांच्याच लयीची वारंवारता दिली की दोघांचे विरोध एकमेकांना खोडून काढतात. उरतो तो फक्त तारेचा विरोध. कारागिराच्या मंडलात तो ६ ओहम आहे, म्हणून १२ व्होल्टवर २ ॲम्पिअर वाहतात. पण एकट्या कॉइलचा त्या वारंवारतेला होणारा विरोध ३०० ओहम. त्यातून २ ॲम्पिअर गेले की तिच्या टोकांवर ६०० व्होल्ट उभे राहणारच. कपॅसिटरवरही तितकेच, फक्त उलट्या दिशेचे. मात्र कॉइलमध्ये व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा करंट शून्य असतो, आणि करंट शिखरावर असतो तेव्हा व्होल्टेज शून्य. दोघांची गाठ पाव फेऱ्यानं चुकते. एका पाव फेऱ्यात कॉइल आपल्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते, पुढच्या पाव फेऱ्यात ती कपॅसिटरला परत देते. हीच ऊर्जा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे जाते. १२०० हा आकडा या येरझारीचा आहे. त्याला व्होल्ट-ॲम्पिअर म्हणावं, वॉट म्हणू नये. खरे वॉट चोवीसच. ते तारेच्या त्या ६ ओहममध्ये उष्णता होऊन जातात, कॉइलला हात लावला तर कळतात.

“नागपंचमीच्या झोक्यासारखं आहे,” प्राध्यापिका सांगतात. “पोरगी एकेक लहानसा रेटा देत जाते आणि झोका झाडाच्या फांदीला भिडतो. उंची रेट्यापेक्षा कितीतरी मोठी दिसते. ती साठत गेलेल्या रेट्यांची उंची आहे. त्या झोक्याला दोर बांधून विहिरीचं पाणी काढायला लागा, पहिल्या दुसऱ्या हेलकाव्यात तो थांबेल.”

कारागीर थोडा वेळ बोलत नाही. मग प्रामाणिकपणे सांगतो, “बल्ब लावला का व्होल्टेज झोपते, हे मी पाह्यलं हाय. पन मले वाटे का माही ट्यूनिंग चुकते. अजून थोडी बारीक तार घेतली, आटे वाढवले, तं जमंन.”

नादाची खरी ओढ या वाक्यात आहे. यश पुढच्या आट्यावर असतं. आटे वाढवता येतात, तारेचा गेज बदलता येतो, कपॅसिटर बदलता येतो, आणि प्रत्येक बदलानं काहीतरी वेगळं दिसतंच. माणूस वर्षानुवर्षं त्यात रमतो, त्याचा हात तयार होतो, कान तयार होतात. हे शिक्षण खरंखुरं आहे. फक्त ज्या बक्षिसासाठी तो धडपडतो ते त्या दिशेला नाही.

लाखाच्या आकड्याचंही असंच. मोठ्या टेस्ला कॉइलच्या टोकाशी एक लाख व्होल्ट येतात, आणि ‘लाख’ म्हटलं की डोळ्यांपुढे वीजकेंद्र उभं राहतं. पण त्या टोकाची विद्युत धारिता २० पिकोफॅरड असेल तर लाख व्होल्टला तिथे साठलेली ऊर्जा भरते ०.१ जूल. एवढ्या ऊर्जेत एक किलो साखरेची पिशवी एक सेंटिमीटर वर उचलता येते. त्याहून वर नाही.

मीटरबद्दलची शंका प्राध्यापिकांनी बाजूला ठेवली होती, ती त्या आता काढतात. आपल्याकडचा साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या गोलसर लहरीसाठी बनवलेला असतो. लहर चौकोनी झाली, काटेरी झाली किंवा वारंवारता हजार हर्ट्झच्या पुढे गेली की त्याच्या वाचनाचा भरवसा राहत नाही. टेस्ला कॉइल तर लाखो हर्ट्झवर चालते. तिचं क्षेत्र मीटरच्या लाल-काळ्या वायरीतच शिरतं आणि काहीही आकडा दाखवतं. बॅटरीचंही तसंच. लोड काढून बॅटरी थोडा वेळ ठेवली की तिचं व्होल्टेज आपोआप वर चढतं. ती चार्ज झालेली नसते, तिच्यातलं रसायन सावरलेलं असतं. “कॉइलनं बॅटरी उलटी भरली” असं सांगणारे बहुतेक लोक हे चढलेलं व्होल्टेज पाहून सांगतात.

या चुकीपायी केवढं मोठं प्रकरण उभं राहू शकतं याचा दाखला अमेरिकेत आहे. मिसिसिपीच्या जोसेफ न्यूमननं १९८० च्या दशकात एक भलीमोठी कॉइल आणि चुंबक असलेलं यंत्र केलं आणि ते घेतं त्याहून जास्त ऊर्जा देतं असा दावा केला. पेटंट कार्यालयानं नकार दिल्यावर तो कोर्टात गेला. कोर्टाच्या आदेशावरून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं १९८६ मध्ये ते यंत्र तपासलं. प्रत्येक मोजणीत बाहेर पडलेली ऊर्जा आत घातलेल्या ऊर्जेपेक्षा कमी निघाली. न्यूमन मरेपर्यंत आपल्या दाव्यावर ठाम राहिला.

“म्हंजे मोजायचंच नाई का आमी?” कारागीर विचारतो.

“मोजायचं, पण जे फसवत नाही ते. पाणी तापवा. तुमच्याकडे बारा व्होल्ट, सात ॲम्पिअर-अवरची बॅटरी आहे. तिच्यात ८४ वॉट-अवर, म्हणजे सुमारे ३ लाख जूल असतात. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायला २ लाख ९३ हजार जूल लागतात. पूर्ण भरलेली बॅटरी, काहीच वाया गेलं नाही तर, एक लिटर पाणी एकदा उकळू शकते. थर्मासमध्ये एक लिटर पाणी घ्या, तुमच्या कॉइलच्या शेवटच्या टोकाला हीटरची तार जोडा, थर्मामीटर लावा. व्होल्ट बघू नका, ॲम्पिअर बघू नका. तापमान बघा. त्या एका बॅटरीवर दोन लिटर उकळलं तर मी पहिल्या गाडीनं अकोल्याला येते.”

ही कसोटी साधी आहे म्हणून तिचं मोल जास्त. मँचेस्टरच्या जेम्स जूलनं १८४० च्या दशकात पडत्या वजनानं पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, नव्यानं जन्मत नाही, हा नियम अशाच मोजणीतून पक्का झाला. तो कोण्या परिषदेनं ठराव करून लादलेला नाही.

कारागीर मात्र इतक्यात हटत नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा भल्याभल्यांना अडचणीत टाकणारा आहे.

“एसी पाहा. दीड टनाचा एसी तासाले दीड युनिट घेते अन् पाच युनिटच्या वर उष्णता खोलीतून बाहेर फेकते. हे तं कंपनीच्या कागदावर छापलेलं हाय. शंभर टक्क्याच्या वर झालं का नाई?”

“आकडा बरोबर आहे,” प्राध्यापिका मान्य करतात. “पण ती पाच युनिटं एसीनं केलेली नाहीत. ती खोलीत होती, त्यानं उचलून बाहेर टाकली. बाहेर टाकलेल्या उष्णतेपासून पुन्हा वीज करू म्हटलं तर? आत २७ अंश, बाहेर ४७ अंश, अकोल्याच्या मे महिन्यात असतात तसे. एवढ्या फरकावर जगातलं सर्वांत आदर्श इंजिनही सव्वासहा टक्क्यांच्या वर जात नाही. हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ मध्ये दाखवलं. म्हणजे दीड किलोवॅट घालून अर्धा किलोवॅटही परत मिळणार नाही.”

“अन् क्रिस्टल रेडिओ? मामा नागपूरले राहे. तिथी मामेभावानं डायोड, कॉइल अन् इयरफोन जोडून रेडिओ केला होता. सेल नाई, वीज नाई. आकाशवाणीचं नागपूर केंद्र खनखनीत लागे. ते हवेतूनच येत होतं ना जी?”

“हवेतूनच येत होतं. आणि ते ५८५ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचा ट्रान्समीटर सोडत होता, वीज मंडळाला बिल भरून. इयरफोनला पुरेल इतका त्याचा अंश तुमच्या मामेभावाला मिळाला. दिवा लावण्याइतका नाही.” उच्चदाबाच्या लाइनखाली ट्यूबलाईट धरली की मंद उजळते, तेही याच जातीचं. तो उजेड त्या तारांमधून आलेला असतो.

मग टेस्ला येतो. तो आल्याशिवाय हा वाद संपत नाही. कारागिराला टेस्लाच्या चरित्रातल्या बऱ्याच गोष्टी पाठ आहेत: न्यू यॉर्कजवळ १९०१ मध्ये सुरू केलेला वॉर्डनक्लिफचा मनोरा, बँकर जे. पी. मॉर्गननं थांबवलेला पैसा, १९१७ मध्ये पाडलेला तो मनोरा. “मीटर लावता येत नव्हतं म्हनून पाडला,” ही त्याची ठाम समजूत. प्राध्यापिका टेस्लाला लहान करत नाहीत. त्या फक्त एक तपशील पुढे ठेवतात. वॉर्डनक्लिफच्या इमारतीत बॉयलर होता आणि जनित्र होतं. कोलोरॅडो स्प्रिंग्जला १८९९ मध्ये टेस्लानं कृत्रिम विजेचे लोळ काढले, ते तिथल्या वीज कंपनीच्या विजेवर. वीज वायरीविना पाठवायची हा त्याचा ध्यास होता. वीज कशाहीशिवाय तयार होते असं त्यानं तिथे दाखवलेलं नाही.

“पन १९०१ चं त्याचं पेटंट?” कारागीर विचारतो. “उंच खांबावर धातूचा पत्रा, खाली कपॅसिटर, दुसरं टोक जमिनीत. तेजऊर्जा पकडायचं.”

हे पेटंट खरं आहे, आणि हा प्रश्न चांगला आहे. पृथ्वी आणि वरचं वातावरण यांच्यात खरोखरच सुमारे ३ लाख व्होल्टचा फरक असतो. स्वच्छ दिवशी जमिनीलगत दर मीटर उंचीला सुमारे १०० व्होल्ट मिळतात. पण हवा विजेची वाईट वाहक आहे. एका चौरस मीटरवर खाली उतरणारा करंट असतो दोन पिकोॲम्पिअरच्या आसपास. सबंध एकरभर वावरावर तो भरतो ८ नॅनोॲम्पिअर. वरपर्यंतचं सगळं व्होल्टेज हाती आलं असं धरलं तरी एका एकरातून निघतात जेमतेम अडीच मिलिवॉट. एक छोटी एलईडी त्यावर मंदशी उजळेल. त्याच एकरावर चैत्रातल्या दुपारी पडणारं ऊन सुमारे ४० लाख वॉटचं असतं. फुकट ऊर्जा वऱ्हाडावर रोज पडते, आणि ती शोधायला कॉइल लागत नाही.

या ठिकाणी कारागीर घरचा दाखला काढतो. “भास्कराचार्यानं आपोआप फिरनारं चाक लिहून ठेवलं हाय ना मॅडम? मंग त्याले का खोटं म्हनाल?”

भास्कराचार्यांना खोटं कोण म्हणेल! ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पोकळ आरे पाऱ्यानं अर्धे भरलेलं स्वयंवह चाक वर्णिलेलं आहे. युरोपातली अशी चित्रं नंतरची, तेराव्या शतकातली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. तो एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. अकोल्याहून मुंबईची गाडी धरली की चाळीसगाव वाटेतच लागतं. म्हणजे जगातल्या अगदी जुन्या ‘चिरगती’ यंत्रांपैकी एकाची आठवण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे.

“त्यांच्या काळी ऊर्जेचा नियम कोणालाच माहीत नव्हता,” प्राध्यापिका म्हणतात. “त्यांनी पाऱ्याचं वजन एका बाजूला कसं झुकतं याचा विचार केला, हे केवढं मोठं! पण ते चाक पुढच्या आठशे वर्षांत कोणी बनवून फिरवत ठेवलं नाही. आरे भरले की खाली जाणाऱ्या बाजूचा पारा आणि वर चढणाऱ्या बाजूचा पारा यांचा हिशेब जुळतो, आणि चाक थांबतं. भास्कराचार्य आज असते तर त्यांनी आधी तो हिशेब केला असता. गणित त्यांचंच होतं.”

इथे प्रस्तुत लेखकानं आपली बाजू सांगून टाकावी. ऊर्जेच्या प्रश्नावर प्राध्यापिका बरोबर आहेत, त्यात मध्यममार्ग नाही. पण कारागीर ज्या मातीतून बोलतो ती समजून घेतल्याशिवाय त्याला खोडून काढणं अन्याय होईल. २००५ नंतरची काही वर्षं वऱ्हाडातल्या खेड्यांनी बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. बाळापूर तालुक्यातल्या पारसला २५० मेगावॉटचे दोन वीजनिर्मिती संच, नांदगावपेठेला २७० मेगावॉटचे पाच. चिमण्यांचा धूर दिसणाऱ्या गावांतही विहिरीवरचा पंप रात्रीच्या पाळीची वाट पाहतो. हरभऱ्याला पाणी द्यायला पौष महिन्यात रात्री दोनला वावरात उतरायचं, हातात बॅटरी, पायाखाली साप. अशा माणसाला कोणी “विजेशिवाय चालणारा पंप” म्हटलं तर त्याचा कान वळणारच. त्याला भोळा म्हणण्याचा अधिकार ज्याच्या घरी चोवीस तास वीज आहे त्याला नाही.

आणि याच कानाशी ठगही पोचतात. त्यांचं आजचं आवडतं यंत्र म्हणजे मोटर, जड फ्लायव्हील आणि अल्टरनेटर, पट्ट्यांनी जोडलेले. सुरुवातीला मोटर फिरवायची, मग अल्टरनेटरची वीज मोटरीलाच द्यायची, उरलेली घरात. मोबाईलवरच्या चित्रफितीत ओळीनं हॅलोजन पेटतात. हिशेब कोणी दाखवत नाही, तो असा. १०० किलोची, दोन फूट व्यासाची भरीव फ्लायव्हील मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्यात सुमारे ५५ हजार जूल असतात. पाच एचपीचा पंप त्यावर १५ सेकंद चालेल. सोळाव्या सेकंदाला पाणी थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर कुठेतरी वायर आहे. फिलाडेल्फियाच्या जॉन कीलीनं १८७० च्या दशकापासून जवळजवळ पाव शतक ‘ईथरवर चालणारं’ इंजिन दाखवून भागधारकांचा पैसा घेतला. १८९८ मध्ये तो वारल्यावर तळघरात संकुचित हवेची तीन टनी पोलादी टाकी आणि भिंतीतून नेलेल्या नळ्या सापडल्या. आपल्याकडे १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लेनं पाण्यात पानं टाकून पेट्रोल काढून दाखवलं. देशभर त्याचं कौतुक झालं, आणि २०१६ मध्ये कोर्टानं त्याला शिक्षा सुनावली.

अशा यंत्राचं पेटंट आहे असं कोणी सांगितलं तर भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) आठवावं. प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा या कायद्याखाली शोध मानलाच जात नाही. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं तर १७७५ मध्येच अशी यंत्रं तपासणं बंद केलं.

“मी कोनाले काही विकत नाई, मॅडम,” कारागीर मधेच म्हणतो. त्याच्या आवाजात दुखावलेपण आहे. “माह्या कॉइलवर एक रुपया मी कोनाचा घेतला नाई.”

“म्हणूनच तर बोलतेय तुमच्याशी,” प्राध्यापिका म्हणतात.

मग त्या त्याला त्याच्या बोटांवरच्या काळ्या डागाबद्दल विचारतात. ठिणगीचा चटका. “झटका लागत नाई, नुसतं पोळते,” तो सहज सांगतो. प्राध्यापिकांचा स्वर इथे कठोर होतो. उच्च वारंवारतेचा करंट नसांना जाणवत नाही, म्हणून झटका बसत नाही. मांस मात्र भाजतं, आणि ते आत किती भाजलं हे वरून दिसत नाही. कॉइलच्या टोकाची ठिणगी बहुधा जीव घेत नाही. जीव घेतो तो तिला वीज पुरवणारा भाग. जुन्या टीव्हीचा एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) हजारो व्होल्ट काढतो. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर सहज देतो. त्याला स्पर्श झाला तर दुसरी संधी मिळत नाही. लाकडावर विजेनं नक्षी जाळण्याच्या नादात याच ट्रान्सफॉर्मरनं अमेरिकेत कित्येक माणसं मेली, म्हणून तिथल्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत तो प्रकार बंद केला. कपॅसिटर तर प्लग काढल्यावरही भरलेला असतो. “मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा नाही. कॉइल सुरू असताना दुकानात एकटं असायचं नाही. पेसमेकर बसवलेला माणूस जवळ येऊ द्यायचा नाही. हे मला कबूल करा, बाकी वाद नंतर.”

तो कबूल करतो. आणि मग त्याचा सर्वांत खरा प्रश्न येतो.

“एक सांगा जी. रेझोनन्स बारावीच्या पुस्तकात हाय. पोट्टे फॉर्म्युला पाठ करते, मार्क घेते. त्यातल्या किती जनानं एक कॉइल हातानं गुंडाळली? माह्याकडे डिप्लोमाचे पोट्टे येते, त्यायले पन्नास वॉटचा सोल्डरिंग गन कसा धरायचा ते मी शिकवतो. मी कॉलेजात गेलो का मले गेटवर विचारते, कोन पाहिजे? मंग मी कोनाले विचारावं? ज्याले माहीत आहे ते बोलत नाई, अन् जे बोलते त्यायले काही माहीत नाई.”

याला प्राध्यापिकांकडे उत्तर नाही. त्या तसं सांगतातही. त्यांच्या प्रयोगशाळेत अनुनादाचा प्रयोग ठरलेल्या पेटीवर व्हायचा: नॉब फिरवा, आकडे लिहा, आलेख काढा, वही तपासून घ्या. कॉइल पेटीच्या आत बंद असायची. ती दिसतही नव्हती. कारागिराच्या हातात जे ज्ञान आहे, की एनॅमल कुठे खरचटलं, कुठे आटा आट्याला शॉर्ट झाला, लॅमिनेशन का गुरगुरतं, ते त्या पेटीतून मिळत नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हात आणि डोकं एकत्र चालवण्याचं शिक्षण उभं केलं. वऱ्हाडात तसं काही कॉलेजच्या भिंतीबाहेर फारसं पोचलं नाही.

दोघांचं सगळं जुळलं असं नाही. टेस्लाच्या १९०१ च्या पेटंटवरचं कारागिराचं मन अजून पूर्ण उठलेलं नाही. एकरभर तार लावून पाहावी असं त्याला वाटतं. प्राध्यापिका म्हणतात, लावा, पण पावसाळ्यात नको, आणि शेजारी तेवढ्याच पैशात एक सौर पॅनल ठेवून दोघांची वही लिहा. पाण्याची कसोटी मात्र त्यानं मान्य केली आहे. थर्मास घरी आहे, थर्मामीटर औषधांच्या दुकानातला नको, प्रयोगशाळेतला हवा, हेही त्यानं विचारून घेतलं.

वाचकांना आणि विशेषतः शेतकऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. विजेशिवाय वीज देणाऱ्या यंत्रासाठी आगाऊ रक्कम मागितली तर ते यंत्र आपल्या वावरात, आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर, कुठलीही वायर आणि बॅटरी न लावता, पंपासह तीन दिवस चालवून दाखवायला सांगा. तोवर एक रुपयाही देऊ नका. पंप हवा असेल तर राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. आणि अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयानं, बडनेऱ्याच्या आणि अकोल्याच्या महाविद्यालयांनी महिन्यातला एक रविवार ठरवून प्रयोगशाळेतलं एक टेबल, एक ऑसिलोस्कोप आणि एक शिक्षक बाहेरच्या नादिष्ट माणसांसाठी मोकळा ठेवावा. हातात कॉइल घेऊन आलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवू नये.